मुकादम : एका आडनावाचा शजरा

आपल्या समाजात आडनावाची खोलात जाऊन चौकशी दोनच प्रसंगी होते. एक सोयरीक जुळवताना, दुसरी जमिनीचा वाद उभा राहिला म्हणजे. एरवी आडनाव दारावरच्या पाटीवर असते, रेशनकार्डावर असते आणि कबरीपर्यंत सोबत येते. पण ते कुठून आले, हे कोणी विचारीत नाही. विचारलेच तर घरातला एखादा बुजुर्ग दाढीवरून हात फिरवून सांगतो की आपले पूर्वज अरबस्तानातून आले, आणि विषय तिथेच संपतो. आम्हीही पन्नाशी उलटेपर्यंत एवढ्यावर समाधानी होतो.

आमचे आडनाव मुकादम. गाव मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या खाडीच्या अंगाने. पणजोबांच्या पिढीत घरची पुरुष माणसे आगबोटीने मुंबईस आली ती माझगावच्या गोदीत राबण्यासाठी. तिथून कुर्ल्यास रुळांच्या कडेच्या वस्तीत, आणि रेल्वेच्या विस्तारासाठी ती वस्ती हलली तेव्हा मानखुर्दला, पुनर्वसनाच्या इमारतीतल्या 225 चौरस फुटांच्या खोलीत. एवढ्या प्रवासात घरातला एकच पत्र्याचा ट्रंक कायम राहिला. 26 जुलै 2005 च्या पुरात कुर्ल्याच्या खोलीत छातीभर पाणी शिरले, तेव्हा त्यातले निम्मे कागद लगदा झाले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक लांब कागद वाचला. तो आमचा शजरा.

डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्वाचा नवा कायदा झाला आणि मानखुर्द-गोवंडीच्या गल्ल्यांतून जो तो आजोबांचे कागद शोधू लागला. झेरॉक्सच्या दुकानापुढे रांगा लागल्या. आमच्या खोलीतही त्या हिवाळ्यात दर रविवारी जोहरनंतर भाऊबंद जमू लागले. कोणी शाळेचा दाखला आणला, कोणी गोदीचा पास, कोणी नुसती आठवण. तेव्हा ठरले की घराण्याचा शजरा नीट तपासून, जोडून, छापून काढायचा. छापील शजऱ्याने नागरिकत्व सिद्ध होत नाही, हे त्या बैठकीत कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. पण आपण कोण, हे दुसऱ्याने विचारण्याआधी आपणच लिहून ठेवावे, अशी ओढ सर्वांना लागली होती.

पुढे केलेला माणूस

आम्ही आरंभ आडनावापासून केला. मुक़द्दम हा अरबी शब्द. त्याचा अर्थ पुढे केलेला, अग्रभागी ठेवलेला. ग्रंथाच्या पुढे जो मजकूर येतो तो मुक़द्दमा; इब्न खल्दूनच्या जगप्रसिद्ध ग्रंथाचे नाव तेच. कोर्टात जो पुढे मांडला जातो तोही मुक़दमा. आणि गावात सरकारपुढे जो उभा राहतो तो मुक़द्दम.

दिल्लीच्या सल्तनतीत हा शब्द गावाच्या प्रमुखासाठी रूढ होता. अल्लाउद्दीन खल्जीने (कारकीर्द 1296 ते 1316) खूत, मुक़द्दम आणि चौधरी यांच्या सवलती काढून घेतल्या, ही हकीकत बरनीच्या तारिखेत आहे. आणि ते मुक़द्दम बहुतेक हिंदू होते. दख्खनेत बहमनी व पुढे आदिलशाही, निजामशाही अमलांत हाच शब्द मराठी कागदांत 'मोकदम' होऊन स्थिरावला. मोकदम म्हणजे पाटील आणि मोकदमी म्हणजे पाटिलकी. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला, तरी गावकीच्या कागदांतून मोकदम हलला नाही. अठराव्या शतकातल्या पेशवाईच्या मोडी कागदांतही तो सुखाने नांदतो.

याचा सरळ अर्थ असा की मुकादम हे मुळात आडनावच नव्हे. तो हुद्दा आहे. तो मराठा कुणब्याकडे होता, कोळ्याकडे होता, मुसलमानाकडेही होता. कोकणातल्या आपल्या आडनावांवरून नजर फिरवली तर निम्मी आडनावे अशीच हुद्द्यांची निघतात. काझी, खतीब, पेशइमाम, मुल्ला, मुकरी, फकीह हे मशिदीच्या आणि इल्मच्या अंगाने. देशमुख, खोत, सरखोत, चौगुले, इनामदार, नाईक, कोतवाल हे सरकारी वसुली-बंदोबस्ताच्या अंगाने. नाखवा, तांडेल, सारंग हे दर्याच्या अंगाने. बाकीची गावावरून पडलेली: महाडकर, दाभोळकर, मुरुडकर, दिवेकर. या साऱ्यांत रक्ताचे नाते सांगणारे आडनाव हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

जुन्या कागदांत माणसाची ओळख वेगळ्या रीतीने लिहीत. अमुक वलद तमुक, किंवा अमुक बिन तमुक, आणि पुढे हुद्दा व गाव. 'वलद' आणि 'बिन' हे दोन्ही शब्द अरबी. पण पाटलाच्या आणि कुणब्याच्या नावातही ते सर्रास येतात. इंग्रजी अमलात शाळेचे रजिस्टर, खरेदीखताची नोंदणी, पगाराचा तक्ता आले, तेव्हा प्रत्येकाला एक कायमचे आडनाव हवे झाले. त्या वेळी ज्याच्या घरी मुकादमी होती तो मुकादम झाला, मुकादमाचा भाऊ मुकादम झाला, आणि कधी मुकादमाच्या वाड्याशेजारी राहणाराही झाला. एकच आडनाव शंभर गावांत स्वतंत्रपणे उगवले.

आमच्या बैठकीतल्या तरुणांचा बेत साऱ्या महाराष्ट्रातल्या मुकादमांचा एकच वंशवृक्ष करावा असा होता. शब्दाचा हा इतिहास कळल्यावर तो बेत सोडावा लागला. आडनावाचे झाड होत नाही; त्याचे रान होते. आपण आपल्या एका झाडाची मुळे शोधावी, हे बरे.

आणि हा शब्द तिथेच थांबला नाही. वतने गेली. खोती 1949 च्या कायद्याने रद्द झाली, परगणे व कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने, वैयक्तिक इनामे 1952 च्या कायद्याने. गावचा मुकादम गेला, पण शब्द मजुरांच्या टोळीबरोबर शहरात आला. गोदीत माणसे पुरवणारा मुकादम, ऊसतोडीची टोळी नेणारा मुकादम, आणि महापालिकेच्या सफाई खात्यात झाडूवाल्यांची हजेरी घेणारा मुकादम. मानखुर्दला राहताना पहाटे खिडकीखाली कोणी 'मुकादम' म्हणून हाक मारली की आम्ही दचकून बघत असू. हाक आम्हाला नसे. देवनारच्या कचराभूमीकडे जाणाऱ्या गाडीवरच्या माणसाला ती असे. बैठकीतल्या एका चाचांना ही तुलना आवडली नाही. आम्हाला मात्र ती मोलाची वाटते. शब्दाचा अर्थ बदललेला नाही. हाताखालच्या माणसांच्या वतीने वरच्यापुढे ज्याला उभे राहावे लागते तो मुकादम. मग वरचा सुलतान असो की वॉर्ड ऑफिसर.

खुद्द मानखुर्दच्या नावात शेवटी जो 'खुर्द' आहे, तोही त्याच कारकुनी भाषेतला. फारसीत खुर्द म्हणजे लहान, आणि बुज़ुर्ग म्हणजे मोठा. त्याचेच मराठीत बुद्रुक झाले. महाराष्ट्रात असंख्य गावांच्या नावापुढे हे दोन शब्द आजही आहेत आणि ते परके आहेत असे कोणाच्या मनातही येत नाही.

नऊ नावे आणि तेराशे वर्षे

आता शजऱ्याकडे वळू. उर्दूत, बोरूने, आमच्या आजोबांच्या चुलत्यांनी लिहिलेला हा कागद. आमच्या मुलांपासून वर मोजले तर एकूण नऊ नावे. सर्वात वरच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिले आहे की हे बुजुर्ग हज्जाज बिन यूसुफच्या जुलमाला कंटाळून अरबस्तानातून कोकण किनाऱ्यावर उतरले.

ही हकीकत कोकणी आणि नवायत घराण्यांत घरोघरी सांगितली जाते. जुन्या बॉम्बे गॅझेटियरनेही ती टिपून घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादेत नवाब अझीझ जंग यांनी 'तारीख-उन-नवायत' हा उर्दू ग्रंथ लिहून नवायतांचे मूळ आणि त्यांची घराणी यांची चर्चा केली, तेव्हापासून तर असे शजरे जुळवण्याचा उत्साह वाढला. आम्हीही हा मजकूर अभिमानाने छापणारच होतो.

पण हज्जाज वारला 714 साली. तिथून आजपर्यंत तेराशे वर्षे होतात. एका शतकात साधारण तीन पिढ्या धरल्या तर तेराशे वर्षांत चाळीसच्या आसपास नावे हवीत. आमच्याकडे नऊ. नऊ पिढ्यांची झेप फार तर पावणेतीनशे-तीनशे वर्षे, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत. मग उरलेले हजार वर्षांचे लोक गेले कुठे?

हा हिशेब आमचा नवा नव्हे. इब्न खल्दूनने 1377 साली मुक़द्दमा लिहिताना हीच पट्टी वापरली. हजरत मूसा यांच्या सोबत सहा लाख लढवय्ये होते, असे जुने इतिहासकार सांगत. त्याने विचारले की याकूब यांच्यापासून मूसा यांच्यापर्यंत जर चारच पिढ्या, तर एका घरातून एवढी माणसे झाली कशी? पिढ्या मोजल्या की पुष्कळ दंतकथा जागच्या जागी बसतात.

याचा अर्थ घराण्याची कथा खोटी, असा मात्र आम्ही करीत नाही. किनाऱ्यावर अरब-इराणी मुसलमान फार आधीपासून होते, याला भक्कम पुरावा आहे. मसूदी हिजरी 304, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास सैमूर येथे आला. सैमूर म्हणजे आपले रायगड जिल्ह्यातले चौल. तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीस आढळले. बाहेरून आलेल्यांच्या जोडीला इथेच जन्मलेलेही होते. त्यांना तो बयासिरा म्हणतो. त्यांच्यावर त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे आणि त्यांचे तंटे तो सोडवी. त्या पदाचे नाव तो हुनरमन असे देतो. आमच्या डोळ्यांना हा हुनरमन म्हणजे मुकादमाचा थोरला भाऊच वाटला.

त्याहून मौजेचा पुरावा पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटात आहे. शके 848, म्हणजे इसवी सन 926 चा हा राष्ट्रकूट काळातला ताम्रपट संस्कृतात आहे. संजाण प्रांताचा कारभार राजाने एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे, सोपवला होता. त्याचे नाव मधुमती आणि बापाचे नाव सहियारहार. अभ्यासक ही नावे मुहम्मद आणि शहरयार अशी वाचतात. या अधिकाऱ्याने नदीवर फुकट होडीची सोय केली, अन्नछत्र घातले, आणि एका मठासाठी गाव दान देण्यास राजाची संमती मिळवली. उत्तर कोकणातल्या मुसलमानाच्या बापलेकांची ही दोन पिढ्यांची नोंद, दोन्ही नावे संस्कृतच्या ओठांनी उच्चारलेली. आम्ही तिला कोकणातला सर्वात जुना शजरा म्हणतो.

म्हणजे अरब आले, राहिले, इथल्या बायकांशी निकाह केले, आणि त्यांची लेकरे इथली झाली. त्याच किनाऱ्यावर पुढच्या शतकांत इथलेच कोळी, भंडारी, कुणबी दीनमध्ये आले. कोकणी मुसलमान या दोन्ही प्रवाहांचे. पण शजरा लिहिणाऱ्याला बापाच्या बाजूचा एकच प्रवाह दिसतो आणि आईच्या बाजूचे सारे पाणी वाळूत मुरते. नऊ नावांच्या वर अरबस्तान लिहिण्यात खोटेपणापेक्षा एक प्रकारची घाई असते. मधल्या हजार वर्षांतली खेड्यातली, शेतातली, होडीवरची माणसे ओलांडून एकदम मोठ्या नावाला जाऊन भिडण्याची घाई.

अमेरिकेतल्या अॅलेक्स हेलीचे उदाहरण बोलके आहे. त्याचे 'रूट्स' 1976 साली निघाले आणि गुलाम म्हणून नेलेल्या आपल्या पूर्वजाचा माग आफ्रिकेतल्या गांबियातल्या खेड्यापर्यंत काढल्याचा त्याचा दावा जगभर गाजला. नंतर संशोधकांनी तपासले तेव्हा त्या खेड्यातल्या कथेकऱ्याच्या सांगण्यावर शंका उत्पन्न झाली. पाहुण्याला काय ऐकायचे आहे हे आधीच माहीत असले की सांगणारा तेच सांगतो. तरीही त्या पुस्तकाने लाखो माणसांना आपले आजी-आजोबा विचारायला लावले, हे काही कमी नव्हे. आम्ही यातून एक धडा घेतला. गावी जाऊन म्हाताऱ्यांना विचारायचे, पण उत्तर प्रश्नातच घालून द्यायचे नाही.

कागद कुठे असतात

आपल्याकडे कोकणस्थ ब्राह्मणांच्या गोखले, आपटे, करंदीकर, लिमये अशा घराण्यांनी विसाव्या शतकात जाडजूड कुलवृत्तान्त छापले. त्यांच्याकडे दप्तरे होती, लिहिणारे होते, वर्गणी देणारे होते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढली तीही अशा घरोघरीच्या दप्तरांतूनच. आपल्याकडे दप्तर म्हणजे काझीच्या घरची सनद. आणि ज्याच्या घरी काझीपण नव्हते त्याच्याकडे काहीच नाही, असा आमचा समज होता. तो चुकीचा निघाला.

ज्यांना हे काम करायचे असेल त्यांच्यासाठी अनुभव थोडक्यात सांगतो. आधी जिवंत माणसांपासून सुरुवात करावी आणि वर चढावे. वरून खाली येऊ नये. घरातल्या सर्वात वृद्ध बाईला आधी बसवावे. नात्यांचा हिशेब बायकांच्या डोक्यात पुरुषांपेक्षा पक्का असतो, कारण कोणाचे दूध कोणी प्यायले आणि कोणाचा निकाह कोणाशी होऊ शकत नाही हे त्यांनाच लक्षात ठेवावे लागते. कबरस्तानात फारसे मिळत नाही. कोकणातल्या कबरी बहुतेक कच्च्या, दोन पावसाळ्यांत जमिनीस लागतात.

त्यानंतर तहसील. गाव नमुना 14 म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. तीत तारीख, बापाचे नाव, जात किंवा धर्म आणि मृत्यूचे कारण लिहिलेले असते. बऱ्याच जुन्या नोंदी मोडीत आहेत. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा राज्यभर ही बुके कपाटांतून बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. त्या गडबडीचा फायदा आम्हालाही झाला. मोडी जाणणारा एक शिक्षक आम्हाला मिळाला, आणि आमच्या पणजोबांच्या वडिलांचे नाव आम्ही पहिल्यांदा कागदावर पाहिले. शजऱ्यात त्यांच्या नावापुढे मोठाल्या पदव्या होत्या. कोतवालाने फक्त नाव लिहिले होते, आणि पुढे: तापाने.

सर्वात भरघोस साधन फेरफाराचे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903 साली आला. त्यानंतर माणूस मेला की त्याच्या जमिनीवर वारसांची नोंद होऊ लागली. घर, शेत, आंब्याची चार झाडे, काहीही असो, वारसाची नोंद करताना तलाठ्याला सगळे वारस लिहावे लागत. बायको, मुलगे आणि मुली. शजरा लिहिणारा मुली गाळतो. तलाठ्याला त्या गाळता येत नाहीत.

लावल्द

इथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. हे लिहायचे की नाही यावर आमच्या घरात वर्षभर खल झाला.

शजऱ्यात आमच्या पणजोबांच्या थोरल्या भावाच्या नावाखाली एक आडवी रेघ आहे आणि तिच्याखाली एकच शब्द: लावल्द. म्हणजे निपुत्रिक, पुढे कोणी नाही. लहानपणापासून आम्ही ती रेघ पाहत आलो. त्या फांदीला पाने नव्हती, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नसे.

फेरफाराच्या वहीत त्याच माणसाच्या मृत्यूनंतरची नोंद सापडली. वारस: विधवा एक, मुली दोन, भाऊ एक. दोन्ही मुलींची नावे स्वच्छ अक्षरात. मुलगा नव्हता, एवढाच 'लावल्द'चा अर्थ. ज्याच्या घरात दोन लेकी वाढल्या, त्याला आमच्या शजऱ्याने निपुत्रिक ठरवून टाकले.

शरियतीच्या फराइजचा हिशेब वाचकांना ठाऊक आहे. अशा वेळी विधवेला आठवा हिस्सा, दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश, आणि उरलेले भावाला. चोवीस हिस्से धरले तर विधवेचे तीन, मुलींचे सोळा, भावाचे पाच. भाऊ म्हणजे आमचे पणजोबा. त्याच पानावर, दोन नोंदी सोडून, पुढची नोंद आहे. विधवेने आणि दोन्ही मुलींनी आपला हिस्सा स्वखुशीने सोडला, सबब सर्व जमीन भावाच्या नावे. खाली तीन अंगठे.

स्वखुशी होती की नाही हे आता फक्त अल्लाहला माहीत. तशी रीतच होती. बहीण-पुतणीने हिस्सा मागितला तर माहेर तुटते, हे आजही घरोघरी ऐकू येते. पण ज्या जमिनीच्या आधाराने आमचे आजोबा शिकले आणि ज्या घराच्या ओसरीवर बसून हा शजरा लिहिला गेला, तिच्या चोवीसपैकी एकोणीस हिश्श्यांवर त्या तिघींचा हक्क होता. जमीन गेली ती गेली. कागदावरून नावही गेले. त्या मुलींची नावे आम्हाला सापडली ती त्यांनी हक्क सोडला त्या कागदावर. तो सोडला नसता तर कदाचित ती सापडलीही नसती.

पुढचा शोध सोपा होता. एका वृद्ध फुफींना ही दोन नावे वाचून दाखवली, तशा त्या म्हणाल्या, "अरे, ह्या तर गोवंडीवाल्यांच्या परनान्या. तुम्हाला ठाऊक नाही?" आम्हाला ठाऊक नव्हते. त्या लेकींच्या लेकींची नातवंडे मानखुर्द स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर राहत होती. आडनाव निराळे. वर्षानुवर्षे एकाच मशिदीत जुम्याला आम्ही एका सफेत उभे राहत होतो. आपण एका घरचे आहोत हे कोणालाच माहीत नव्हते.

छापायचे काय

बैठकीत मतभेद झाले. एका बाजूचे म्हणणे असे की शजरा बापाकडून चालतो, तीच रीत. आणि बायकांची नावे छापून चारचौघांत वाटणे शोभत नाही. शिवाय हक्कसोडीचा कागद छापला तर उद्या कोणी जमीन मागायला येईल. या आक्षेपांत तथ्य नाही असे नाही. सांगणारे आमच्याच घरचे, भले लोक होते.

आम्ही एवढेच निदर्शनास आणले की जगात ज्या शजऱ्याची सर्वात जास्त इज्जत होते तो सय्यदांचा शजरा, आणि तो एका लेकीवरून चालतो. हजरत फातिमा यांचे नाव काढले तर तो तिथेच लावल्द होईल. सीरतच्या ग्रंथांत रसूलुल्लाहच्या वडिलांकडच्या पूर्वजांबरोबर त्यांच्या मातांची नावेही लिहिलेली आहेत. चौदाशे वर्षे ती आलिमांनी तोंडपाठ ठेवली आणि त्यात कोणाला बेअदबी वाटली नाही. सूरह हुजुरातमध्ये कौम आणि कबिले कशासाठी केले ते सांगितले आहे. एकमेकांना ओळखण्यासाठी. आपला शजरा जर मशिदीत शेजारी उभ्या असलेल्या आप्ताची ओळख पुसत असेल, तर तो उलटे काम करतो आहे.

त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याच नाराज चाचांनी विचारले, "त्या दोघींची नावे काय होती, परत वाचा." आम्ही वाचली. त्यांनी ती स्वतःच्या हाताने शजऱ्यावर, त्या आडव्या रेघेखाली, लिहिली.

अखेर पुस्तिका अशी निघाली. ज्या नावाला कागदाचा पुरावा आहे ते ठळक अक्षरात. जे केवळ आठवणीवर किंवा जुन्या शजऱ्यावर आधारले आहे ते साध्या अक्षरात. हज्जाजची हकीकत झाडाच्या माथ्यावर न ठेवता वेगळ्या पानावर, 'आमच्या घराण्यात सांगतात' या मथळ्याखाली. मुली आणि सुना सर्व, त्यांच्या माहेरच्या नावासह. ज्या हयात बायकांनी आपले नाव नको म्हटले त्यांचे गाळले; त्यांचा हक्क त्यांचा. फेरफाराची नोंद जशीच्या तशी छापली, त्यावर टीकाटिप्पणी न करता. नऊ नावांपैकी पाच ठळक झाली आणि चार साधी राहिली. अभिमान थोडा कमी झाला. पण जे उरले ते खरे होते.

पुस्तिका निघाल्यावर दुसऱ्या जिल्ह्यांतल्या मुकादमांचे फोन आले. त्यांना आपली नावे त्यात घालून हवी होती. काहींना ती जातीच्या दाखल्यासाठी हवी होती. त्यांना समजावून सांगावे लागले की दाखल्याला इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा आणि रक्तसंबंधातल्या माणसाच्या जुन्या शाळेच्या, महसुलाच्या नोंदी लागतात. आडनाव सारखे असून भागत नाही, आणि छापील शजरा पुरावा म्हणून दाखवणे तर धोक्याचेच. मुकादम हा हुद्दा होता, जात नव्हे. तुमचे कागद तुमच्या तहसिलात आहेत, एवढे सांगून आम्ही कोतवाल बुक कसे मागावे ते कळवत असू. काहीजण रागावले. काहींनी मात्र जाऊन बुके काढली, आणि आता त्यांचे आपापले शजरे तयार होत आहेत.

शजऱ्यासाठी आम्ही निघालो होतो ते अरबस्तानाच्या दिशेने. पोहोचलो गोवंडीच्या एका खोलीत. पुस्तिकेची पहिली प्रत आम्ही तिथे नेऊन दिली. घरातल्या आजींना वाचता येत नव्हते. नातीने त्यांचे बोट धरून त्यांच्या नानीच्या नावावर ठेवले. त्या म्हणाल्या, "तिला शाईचा अंगठा माहीत होता. शाईचे नाव पहिल्यांदाच मिळाले." मग त्यांनी चहा टाकायला सांगितला आणि आमच्या मुलांना पहिल्यांदा नात्याने हाक मारली.